चावडीवरची हलगी

डिलाईल रोड, मुंबई
१२ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप आबांस,
सोपानचा सविनय जयभीम.

सात वर्षांत मी तुम्हाला चार पत्रं टाकली. चारही वेळा आक्कानं पाकीट फोडलं की तुम्ही उठून गोठ्यात गेलात, हे तिनंच मला कळवलं. हे पाचवं. थोडक्यात लिहितो, म्हणजे तुम्ही उठायच्या आत संपेल.

येत्या गुरुवारी, वीस तारखेला, संध्याकाळी पावणेसातला चावडीवर जा. काकांचा गेनू मागच्या महिन्यात इथं येऊन गेला. पंचायतीनं टीव्ही आणलाय असं त्यानं सांगितलं. त्या दिवशी ‘शिवार’ नावाचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू होणार आहे. आधी बैल दिसतील, मग नाव येईल, आणि तेवढ्या वेळात चाळीस सेकंद संगीत वाजेल. ते चाळीस सेकंद मी बसवलेत.

टीव्ही केंद्रात मी आता संगीत देतो. तीन-तीन महिन्यांच्या करारावर आहे, पण काम सारखं असतं. मुलांचं नाटुकलं असो की भातावरच्या रोगाची माहिती, आधी-मधी काहीतरी वाजावं लागतं.

तुम्हाला मी मास्तर व्हायला हवा होतो. भोरला अध्यापनाच्या वर्गात घालायला तुम्ही स्वतः आला होतात, धुतलेला सदरा घालून. मी सहा महिन्यांत पळालो. गायनपार्टीत पेटी धरायची सवय लागली होती आणि पार्टी मुंबईला निघाली होती. “बाबासाहेबांची गानी गा, त्याला ना न्हाई. पर वाजवून पोट भरायचं न्हाई. आपल्या घरात ते संपलं,” असं तुम्ही म्हणालात. मी ऐकलं नाही. पार्टीतून ऑर्केस्ट्रात गेलो, मग नाटकवाल्यांकडं, आणि एक दिवस कुणाच्या तरी बदली म्हणून टीव्ही केंद्रात गेलो तो तिथंच राहिलो.

शेवटी नावं येतात. त्यात ‘संगीत : सोपान सावळाराम’ असं येईल. म्हणजे तुमचंही नाव पडद्यावर दिसेल. एवढंच सांगायचं होतं.

तुमचा,
सोपान

आक्का, हे खालचं मोठ्यानं वाचू नकोस. त्या संगीतात एक गोष्ट आहे, ती मी आबांना आधी सांगत नाही. ऐकल्यावर त्यांना बरं वाटेल असा माझा अंदाज आहे. पण अंदाजच. त्यांचा चेहरा नीट बघून ठेव आणि मला लिही.


डिलाईल रोड, मुंबई
८ मार्च १९७५

तीर्थरूप आबांस,
सविनय जयभीम.

आक्काचं पत्र मिळालं. तिनं लिहिलंय ते जसंच्या तसं खाली उतरवतो. त्यात चूक असेल तर तुम्हीच सांगा.

“डोंगराआड असल्यानं चित्र काय दिसत न्हवतं, नुसत्या मुंग्या. पर आवाज खणखणीत. हलगी वाजाया लागली तसे आबा उठले. वहाणा न घालताच गेले. गेनू वहाणा घेऊन मागनं पळाला. दोन दिस झाले, धड जेवले न्हाईत. तू आसं काय क्येलंस रं?”

काय केलं तेच सांगायला बसलोय, पण कुठून सुरुवात करू समजत नाही.

आमच्या निर्मातेसाहेबांना गावाकडचं काहीतरी हवं होतं. मी बासरी वाजवून घेतली, ते म्हणाले, हे सगळीकडेच असतं. मग पेटीवर दोन चाली ऐकवल्या. त्याही नको. मी विचार करत बसलो होतो, आणि बोटं टेबलावर आपोआप वाजायला लागली. साहेब वळून म्हणाले, “हे काय आहे? हे कुठलं?” मी म्हणालो, आमच्याकडचं, भोर तालुक्यातलं. “मग हेच घ्या ना!”

आमच्या चाळीत वेल्ह्याकडचा कुंडलिक राहतो. गिरणीत कामाला आहे, हलगी झकास वाजवतो. त्याला घेऊन गेलो. हलगी तापवायला तिथं जाळ कुठून आणणार? स्टुडिओचे दिवे असे असतात की माणूस भाजून निघेल, त्यांच्याखाली धरून तापवली. कुंडलिकानं वाजवली तेव्हा आत बसलेले सगळे उठून काचेशी आले. आबा, मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

तुम्ही हलगी कशी सोडलीत ते मी विसरलेलो नाही. बारा वर्षांचा होतो. धम्म घेतल्यावर आपल्या अकरा घरांनी गावकीची कामं सोडली. तुम्ही नीरेच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन हलगी सोडून दिलीत आणि ती बुडेपर्यंत उभे राहिलात. नंतर वर्षभर गावानं आपल्याला काम दिलं नाही की पिठाच्या गिरणीत पाय ठेवू दिला नाही. तुम्ही आणि आक्का डोक्यावर दळण घेऊन भोरपर्यंत चालत जायचात. हे सगळं माझ्या ध्यानात आहे.

पण मी कुणाच्या दारात वाजवत नाही हो. वाकून वाजवत नाही. मला खुर्ची आहे, माझ्या हातवाऱ्यावर दहा माणसं वाजवतात. मग ही तीच गोष्ट कशी? मला खरंच उमगत नाही. तुम्ही सांगितलंत तर उमगेल.

तुमचा,
सोपान


डिलाईल रोड, मुंबई
२७ एप्रिल १९७५

आबा,
जयभीम.

सात वर्षांनी तुमचा निरोप आला. आक्कानं वेगळ्या शाईत लिहिलाय: “ते वाजायचं बंद कर.” चार शब्द. मी ते पत्र खिशात घालून दिवसभर फिरलो. तुम्ही माझ्याशी बोललात याचा आनंद मानू की हुकूम सोडलात म्हणून रागावू, हे संध्याकाळपर्यंत ठरेना. अजून ठरलेलं नाही.

जत्रेत काय झालं ते गेनूकडून कळलं. तुम्ही दोघांनी कळवलं नाहीत. सरपंच बाजीराव पाटील आपल्या अंगणात येऊन म्हणाले म्हणे, “सावळारामा, तुझ्या पोरानं साऱ्या महाराष्ट्राला हलगी ऐकवली. मग गावच्या देवीला का ऐकवत न्हाई? आमी काय पूर्वीगत म्हनतोय का? मानानं ये. फेटा बांधू.” तुम्ही म्हणालात, “माझ्याकडं हलगी न्हाई.” दुसऱ्या दिवशी आपल्या दाराच्या कडीला नवी कोरी हलगी टांगलेली होती. तुम्ही ती खांद्याला लावलीत. गेनू म्हणतो, सगळ्यांना वाटलं निघाले वाजवायला. तुम्ही ती चावडीच्या पायरीवर नेऊन ठेवलीत आणि परत आलात.

आक्का, बालवाडीतलं काम पंचायतीनं तुझ्याकडून काढून घेतल्याचं तू मला का लिहिलं नाहीस? तेही गेनूनंच सांगितलं. माझ्या चाळीस सेकंदांमुळं तुझं काम जावं, हे मी कसं समजून घ्यायचं? मी इथं शाबासकी घेतो आणि तिकडं तुम्ही दोघं सोसता.

बंद करणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. ते आता केंद्राचं आहे. माझा करार जूनमध्ये संपतो, आणि त्याच वेळी एका तेरा भागांच्या मालिकेला संगीत द्यायचं माझ्याकडं येऊ घातलंय. अशात मी जाऊन म्हणू काय, की माझ्या वडिलांना आवडत नाही म्हणून काढून टाका? त्यांनी का म्हणून विचारलं तर काय सांगू?

हे लिहिलं आणि वाचून लाज वाटली. तरी खोडत नाही. खरं आहे ते.

वैशाखी पौर्णिमेला येतो. हाकलून दिलंत तरी येतो.

सोपान


डिलाईल रोड, मुंबई
२ जून १९७५

तीर्थरूप आबांस,
सविनय जयभीम.

परवा तुम्ही जे सांगितलंत ते मी लिहून काढतो. तुम्हाला ते ठाऊकच आहे, मग लिहायचं कशाला, असं आक्का म्हणेल. पण ती तेव्हा पाण्याला गेली होती, तिलाही कळू दे. आणि दुसरं म्हणजे, ऐकताना धूर इतका होता आणि माझ्या डोक्यात इतका गोंधळ, की मी नीट ऐकलं की मधलं काही स्वतःच घातलं, याची मला खात्री वाटत नाही.

तुम्ही भाताच्या वाफ्यात पालापाचोळा पेटवून राब भाजत होतात. मी काही न विचारता पलीकडून पाला लोटायला लागलो. बऱ्याच वेळानं तुम्ही माझ्याकडं न बघता विचारलंत, “ती चाल कुठली, ठावं हाय का तुला?”

मी म्हणालो, “जत्रेतली. पालखीपुढची.”

“न्हाई. जत्रेची आसती तर म्या येवढं मनाला लावून घेतलं नसतं.”

मग तुम्ही कवळाच्या जळत्या डहाळ्या उलथताना थोडं थोडं सांगत गेलात. मी सात वर्षांचा होतो ते साल. बाजीरावांच्या चुलत्याचं लग्न. नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवाकडं निघालेला, उन्हं कलायला लागलेली. मी घरून पळत आलो आणि म्हणालो, “आय बोलवतीय, लौकर चला.” आई बाळंतपणाला अडली होती. तुम्ही थोरल्या पाटलांना विनवलंत. ते म्हणाले, नवरा मांडवाच्या दारात पोचव, मग जा. वाजवायला दुसरं कुणी नव्हतं.

यापुढचं तुमच्याच शब्दांत लिहितो, माझे शब्द पुरत नाहीत.

“मग म्या चाल बदलली. तवर हळू वाजवत व्हतो. म्हनलं, जलद वाजवलं की मानसं पावलं उचलतील, मांडव लौकर यील. हात तुटंस्तवर वाजवली. पर झालं उलटंच. जलद वाजाया लागली तशी मानसं नाचाया लागली. म्या पुढं वढायचा आन ती जाग्यावरच. जितकी जलद करावी तितकी ती थांबत्यात. आसली चाल कुनी ऐकली न्हवती ना. ‘वा रं सावळ्या’ म्हनत व्हते.”

तुम्ही घरी पोचलात तेव्हा आई गेली होती. बाळही.

आबा, मला ही चाल आठवते ती अशी: खूप माणसं, गुलाल, सगळे हसताहेत, कुणीतरी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवतं. मी निरोप घेऊन आलो होतो हे मला आठवत नाही. पळत आल्याचं आठवत नाही. आई घरात अडली होती हेही नाही. मी तुम्हाला विचारलं, “मी तिथं काय करत होतो?” तुम्ही म्हणालात, “तूबी नाचत व्हतास.” रागानं नाही म्हणालात. त्या आवाजात काय होतं ते मी इथं येईपर्यंत एसटीत शोधत होतो.

हे तुम्ही खरंच म्हणालात ना? की मला तसं ऐकू आलं?

माझ्या आयुष्यात आजवर मी केलेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ते चाळीस सेकंद. सगळे तसं म्हणतात. रस्त्यात पोरं तोंडानं वाजवतात. आणि ते म्हणजे आईच्या जिवासाठी तुम्ही केलेली घाई. आता ते लागलं की मी खोलीतून बाहेर जातो. बाहेर गेलो तरी ऐकू येतंच.

काढून टाकतो. पण आबा, काढून टाकल्यावर तरी काय होणार आहे?

तुमचा,
सोपान


डिलाईल रोड, मुंबई
२० ऑगस्ट १९७५

तीर्थरूप आबांस,
सविनय जयभीम.

काम झालं. पुढच्या महिन्यापासून ‘शिवार’ला दुसरं संगीत लागेल. बासरी आणि संतूर आहे. गोड आहे. त्याच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

ते कसं झालं तेही सांगतो, कारण त्यात माझ्या हातून दोन गोष्टी घडल्या आणि त्या बऱ्या की वाईट ते मला ठरवता येत नाही.

जुलैत मी साहेबांना म्हणालो, चाल बदलू द्या. ते हसले, “अहो, लोकांच्या तोंडी बसलीय.” मी काही काही कारणं दिली. ती त्यांना पटली नाहीत. शेवटी मी खरं सांगितलं. तुमचं, आईचं, लग्नाचं, सगळं. सांगायला नको होतं, ती आपल्या घरातली गोष्ट होती. साहेबांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ऐकतील. तर ते म्हणाले, “मग तर ही चाल बदलताच कामा नये! यावर आपण एक कार्यक्रमच करू. तुमच्या वडिलांना इथं बोलवा. कॅमेऱ्यासमोर त्यांच्या हातात हलगी देऊ.”

माणूस वाईट नाही, आबा. मनापासून बोलत होते. आणि बाजीरावही फेटा बांधतो म्हणाले होते. दोघांच्या बोलण्यात मला फरक सापडेना. मी म्हणालो, “ते हलगीला हात लावत नाहीत. आम्ही सत्तावन साली सोडली.” साहेबांनी विचारलं, “आम्ही म्हणजे?”

इथं तुम्हाला एक कबूल करायचंय. पडद्यावर नाव कसं लिहू असं केंद्रात पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी ‘सोपान सावळाराम’ सांगितलं. तुमचं नाव यावं म्हणून, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ते अर्धंच खरं. ओव्हाळ हे आडनाव ऐकून लोक पुढं जे विचारतात ते मला टाळायचं होतं. तुमचं नाव पुढं केलं आणि त्याच्या आड उभा राहिलो. त्या दिवशी साहेबांना म्हणालो, “आम्ही म्हणजे ओव्हाळ. भोर तालुक्यातले बौद्ध.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग चहा मागवला. चहा पिताना म्हणाले, “बदला चाल. नवीन करून आणा.”

ते गप्प बसणं कशाचं होतं, मला कळलं नाही. करार मात्र पुन्हा झाला. मालिका दुसऱ्या कुणाला दिली. त्याला काही वेगळंच कारण असेल. असेलही.

जुनी टेप पुसून टाकली. आमच्याकडं टेपा कमी पडतात, पुसून पुन्हा वापरतात. तिच्यावर आता कोंबड्या पाळण्याचा भाग आहे. म्हणजे आता ती चाल कुठंच नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आक्का, तू एकटी भोरला पंचायत समितीत जाऊन अर्ज दिलास आणि बालवाडी परत मिळवलीस, हे वाचून मी कुंडलिकाला पेढे दिले. कशाबद्दल ते त्याला सांगता येईना. माझी बहीण, एवढंच म्हणालो.

सोपान


डिलाईल रोड, मुंबई
२६ सप्टेंबर १९७५

आबा,

आक्काचं पत्र तीनदा वाचलं. मग कुंडलिकाला वाचायला दिलं, म्हटलं, माझंच काही चुकत असेल.

ती लिहिते: “तुला सांगू नगं म्हनले व्हते म्हून लिवलं न्हाई. आबा दर गुरुवारी चावडीवर जात व्हते. पहिल्यांदा उठून आले त्याच्या पुढच्या गुरुवारपासनं. आत न्हाई, मागल्या बाजूच्या दगडावर बसायचे. ते वाजून झालं की घरी. पाऊस आसला तर इरलं घिऊन. जत्रेचं येवढं झालं तरी गेले. ह्या गुरुवारी दुसरंच कायतरी वाजलं. आबा बसूनच ऱ्हायले. सारी मानसं घरला गेली तरी तितंच. म्या बोलवाया गेले तर मला म्हनले, आपलं कुठं गेलं?”

आपलं कुठं गेलं.

आबा, बंद कर हे तुम्हीच सांगितलंत ना? ते चार शब्द माझ्या पाकिटात आहेत, मी आत्ता काढून पाहिले. तुमच्यासाठी मी माझं सगळ्यात चांगलं काम पुसलं. आता तुम्ही विचारता कुठं गेलं! मी तुम्हाला काय उत्तर देऊ? आणि सात महिने तुम्ही दर गुरुवारी ऐकत होतात, तर मग निरोप पाठवताना तुमच्या मनात काय होतं? मे महिन्यात मी समोर उभा होतो, तेव्हाही बोलला नाहीत.

मला राग आलाय. रडूही येतंय. यातलं कुठलं खरं ते तुम्ही ठरवा, माझ्यानं होत नाही.

सोपान


डिलाईल रोड, मुंबई
१३ ऑक्टोबर १९७५

आक्का,
जयभीम.

आबा इथं आहेत, सुखरूप आहेत. तू तीन दिवस घाबरून गेली असशील. गेनूकडं जातो म्हणून निघाले आणि थेट भोरच्या स्टँडवरून मुंबईची गाडी धरली, असं त्यांनीच सांगितलं. चाळीच्या खाली उभे राहून ते टीव्हीतला सोपान सावळाराम विचारत होते. कुणाला माहीत नव्हतं. मग “ओव्हाळांचा सोपान” म्हणाले तेव्हा कुंडलिकाच्या बायकोनं वर आणलं.

मी दार उघडलं.  ते आत आले. पिशवीतून नाचणीचं पीठ काढून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाले, “म्हंजी पुसलं म्हंजी काय क्येलं?”

मी टेपबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “पाटीवर पुसत्यात तसं?”

“तसंच.”

“मग पाटी ऱ्हाती की.”

“पाटी राहिलीय. तिच्यावर आता कोंबड्या आहेत.”

यावर आबा हसले, आक्का. मी त्यांना शेवटचं हसताना कधी पाहिलं ते आठवत बसलो आणि हसायचं राहूनच गेलं.

काल रविवार. जेवणं झाल्यावर म्हणाले, “तुझ्या त्या वाजवनाऱ्याला बोलव.” कुंडलिक हलगी घेऊन आला. गच्चीवर गेलो. त्यानं कागद पेटवून हलगी तापवली, आबांच्या पाया पडला, आणि टीव्हीवर वाजवली होती तशी वाजवली. आजूबाजूच्या खिडक्यांत बायका-माणसं येऊन उभी राहिली. आबा पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. पहिल्यांदा पुरती ऐकली. मग म्हणाले, “न्हाई. मधलं खाल्लंस.”

कुंडलिक म्हणाला, “बाबा, दाखवा की,” आणि हलगी पुढं केली. आबांनी हात मागं घेतले. दोन्ही हात जोडून त्याला म्हणाले, “न्हाई गा. माझं ते संपलं.” पण मग मांडीवर बोटांनी वाजवायला लागले. आवाज होत नव्हता, नुसती बोटं दिसत होती. कुंडलिक त्यांच्या बोटांकडं बघून हलगीवर वाजवायला लागला. सुरुवातीला चुकला, मग जमत गेलं. आणि एका जागी आबांची बोटं थांबली. एक घाव बसायचा तो बसलाच नाही, रिकामी जागा गेली, आणि मग पुन्हा चाल उचलली. तो थांबा मी कधी वाजवून घेतलाच नव्हता. माझ्या डोक्यात ती चाल सरळ धावत जाते.

मी म्हणालो, “आबा, हे मध्ये थांबायचं कशाला? घाई होती ना तुम्हाला?”

ते म्हणाले, “म्या तितं मागं वळून बघितलं व्हतं.”

“कशाला?”

“तू मागं येतूयास का ते. गर्दी लई व्हती. चेंगरशील म्हनून.”

एवढंच. कुंडलिकानं पुन्हा सुरू केली. दर वेळी ती जागा आली की आबा मान जरा वळवायचे. मुद्दाम नाही. त्यांना ते माहीतही नसावं. मी त्यांच्या मागंच बसलो होतो.

ती चाल लिहून घ्यावी असं एकदा मनात आलं. पेन खिशात होतं. काढलं नाही. पुन्हा कुठं वाजवू का, असंही त्यांना विचारलं नाही. त्यांनीही हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. खाली आलो तेव्हा मला म्हणाले, “मास्तर झाला आसतास तर बरं झालं आसतं.” आणि थोड्या वेळानं, “तेबी काय खरं न्हाई.” यातून मी काय घ्यायचं, आक्का? तू त्यांच्याजवळ राहतेस, तुला कळत असेल तर सांग.

येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ते निघताहेत. मी पोचवायला येतो म्हणालो, तर “काम बघ” म्हणाले. गेनूला भोरच्या स्टँडवर थांबायला सांग.

घरी आल्यावर काही बोलले तर मला लिही. काही बोलले नाहीत, तरी लिही.

तुझा,
सोपान